रॅचेट पाना घेताना: दात किती आहेत यापेक्षा ते धरतात कसे ते पाहा

रॅचेट पाना, म्हणजे नटावरून न उचलता पुढेमागे हलवून नट फिरवणारा पाना, विकत घेताना सगळ्यांत आधी त्याच्या आतल्या चाकाच्या दातांची संख्या कानावर पडते. ४५ दात, ७२ दात, ९० दात, आणि आता तर १२० सुद्धा. खोक्यावर हाच आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि घेणाराही त्यावरूनच तुलना करतो. आकडा खोटा नसतो, उपयोगाचाही असतो. पण पाना वर्षानुवर्षं चालेल की थोड्याच महिन्यांत घसरायला लागेल, हे त्यावरून कळत नाही. ते ठरतं आतल्या एका लहानशा तुकड्यावर. त्याला पॉल म्हणतात. आपण त्याला खिटी म्हणू. ही खिटी दातांत किती खोल जाते, एका वेळी किती दात धरते आणि तेल, धूळ, मळी पचवूनही दर वेळी तशीच बसते का, यावर पान्याचं आयुष्य अवलंबून असतं. बाहेरून सगळे पाने सारखेच चकचकीत दिसतात, म्हणून आत काय घडतं ते आधी समजून घेऊ.

आत काय असतं

रॅचेटच्या डोक्यात मुख्य भाग चारच. कडेला दात कापलेलं एक चाक. त्या दातांत अडकणारी खिटी. खिटीला दातांवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. आणि खिटी कोणत्या बाजूला झुकवायची ते ठरवणारी लिव्हर. दांडा एका दिशेला ओढला की खिटी दातांत रुतते, चाक दांड्याबरोबर फिरतं आणि नटही फिरतो. दांडा उलट नेला की खिटी एकेका दातावरून उडी घेत, टिकटिक करत मागे येते आणि चाक जागच्या जागी राहतं. चावीच्या घड्याळाला चावी देताना जो आवाज येतो तोही अशाच खिटीचा.

हे चाक दोन रूपांत भेटतं. पहिलं रूप सॉकेटच्या रॅचेट दांड्याचं. त्यात चाकाच्या मधोमध चौकोनी खुंटा असतो आणि त्यावर सॉकेट, म्हणजे गॅरेजमधली गोटी, बसते. दुसरं रूप रॅचेट रिंग पान्याचं. यात चाकच पोकळ असतं, नट थेट चाकाच्या पोटात बसतो आणि पान्याच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा साधं उघडं तोंड असतं. रिंगचं डोकं सडपातळ असलं तरच तो अडचणीच्या जागी शिरतो, त्यामुळे चाक, खिटी, स्प्रिंग सगळंच आणखी लहान करावं लागतं. त्यामुळे त्याची ताकदही कमी होते.

आता जोराचा हिशेब करून बघू. अर्धा इंची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या खुंट्याच्या, रॅचेटमधल्या चाकाचा व्यास साधारण ३० मिलिमीटर धरला तर त्रिज्या झाली १५. मोटारीच्या चाकाचा नट आवळायला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ४० किलोचा जोर लावला की तेवढा टॉर्क मिळतो. पण तोच टॉर्क आत फक्त १५ मिलिमीटर अंतरावरच्या दातांना पेलायचा असतो. म्हणजे दातांवर आणि खिटीवर साधारण ६,७०० न्यूटन बल येतं, किलोच्या भाषेत ६८० च्या आसपास. हाताचा जोर जवळपास सतरा पट होऊन नखाएवढ्या तुकड्यावर उतरतो. १३ मिलिमीटर मापाच्या रॅचेट रिंगमध्ये चाकाची त्रिज्या १० मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे ५० न्यूटन-मीटरलाच पाचशे किलोंचा भार होतो.

एवढा भार पोलादाला पेलतो, पण एका अटीवर: खिटी दातांत पूर्ण बसलेली हवी. ती अर्धवट बसलेली असताना जोर आला तर भार दाताच्या मुळावर न पडता टोकावर पडतो. टोक चिरडतं, किंचित गोल होतं. पुढच्या वेळी पकड आणखी वरवरची होते आणि टोक आणखी गोल होतं. म्हणूनच एकदा घसरलेला रॅचेट पुन्हा पुन्हा घसरतो, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी जोरावर. बाजारातल्या बहुतेक स्वस्त रॅचेटचा शेवट असाच होतो. दांडा वाकून किंवा खुंटा तुटून वाया गेलेले त्या मानाने थोडे.

दातांचं गणित

चाक ३६० अंशांचं. दात ३६ असतील तर एका टिकेला १० अंश, ७२ असतील तर ५, ९० असतील तर ४. दांडा २५० मिलिमीटर लांब असेल तर १० अंशांना त्याचं टोक साधारण ४४ मिलिमीटर सरकतं, ५ अंशांना २२, आणि ३ अंशांना १३. साध्या बारा कोनी रिंग पान्याला पुढचा घास घ्यायला ३० अंश फिरावं लागतं, शिवाय दर वेळी तो नटावरून उचलून पुन्हा बसवावा लागतो. इंजिन आणि चेसिसच्या मध्ये हात जेमतेम शिरतो अशा जागी ३० अंशांऐवजी ५ अंश मिळणं, तेही पाना न उचलता, ही खरोखर मोठी सोय आहे. ज्यांनी एक बोल्ट सोडवायला अर्धा तास घालवला आहे त्यांना ती कुणी पटवून द्यावी लागत नाही.

पण ७२ च्या पुढे फायदा झपाट्याने आटतो. ७२ वरून ९० वर गेलं की वाचतो एक अंश, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाला साडेचार मिलिमीटरांहूनही कमी. आणि त्याचं मोल दातांच्या आकारातून द्यावं लागतं. ३० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ९४ मिलिमीटर. त्यावर ३६ दात असतील तर दोन दातांत २.६ मिलिमीटरचं अंतर, ७२ असतील तर १.३, आणि ९० असतील तर एक मिलिमीटरच्या जरा वर. दाताची खोली या अंतराच्या निम्मी किंवा त्याहून कमीच असते. म्हणजे ७२ दातांच्या चाकात खिटी फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आत जाते. वाळूचा मध्यम कण पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तसा एक कण दाताच्या तळाशी बसला तर खिटी पूर्ण बसू शकत नाही आणि वर सांगितलेली झीज तिथून सुरू होते.

बारीक दातांचा हा कमकुवतपणा भरून काढायला चांगले कारखाने खिटी रुंद करतात आणि तिच्यावरही दात कापतात, म्हणजे ती चाकाचे एक-दोन नव्हे, सहा-सात दात एकदम धरते. भार वाटला जातो. मात्र त्यासाठी खिटीची वक्रता चाकाच्या वक्रतेशी अगदी तंतोतंत जुळावी लागते. ती मायक्रॉनच्या हिशेबात चुकली तरी सातांपैकी दोनच दात भार घेतात आणि बाकीचे नुसते शेजारी उभे राहतात. हे बारीक काम स्वस्तात होत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे बेताचे असतील तर ३६ किंवा ४५ जाड दातांचा पाना घ्यावा, ९० दातांचा स्वस्त पाना घेऊ नये. जाड दात थोडी चूक, थोडी मळी, थोडं दुर्लक्ष सहन करतात.

१२० दातांचं कोडं इथेच सोडवून टाकू. अशा पान्यांमध्ये बहुधा चाकावर १२० दात नसतात. गिअररेंच या ब्रँडच्या १२० च्या मालिकेत चाकाला ६० दात आहेत आणि खिट्या दोन, एकमेकींपासून अर्ध्या दाताच्या अंतरावर. एक खिटी दातात बसलेली असते तेव्हा दुसरी दाताच्या माथ्यावर असते; तीन अंश पुढे गेलं की पाळी बदलते. म्हणजे दात ६० च्या मापाचे दणकट आणि टीक ३ अंशांची. कल्पना उत्तम आहे. मात्र भार एका वेळी एकच खिटी घेते, आणि झिजणारे लहान भाग वाढतात हेही लक्षात ठेवायला हवं. बिनदाती रॅचेटही मिळतात. त्यात दातांऐवजी लहान रोळ पाचरीसारखे अडकतात आणि टीक मुळीच नसते. हलक्या कामाला ते गोड चालतात, पण जड जोराला ते वापरू नयेत.

खोक्यावर न छापलेल्या दोन गोष्टी या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे प्ले. खुंटा घट्ट धरून दांडा हलवला तर तो पकड घेण्याआधी थोडा मोकळा हलतो. ७२ दातांच्या रॅचेटमध्ये असा तीन अंशांचा प्ले असेल तर प्रत्यक्षात प्रत्येक घासाला ५ नव्हे, ८ अंश लागतात. म्हणजे बिनप्लेच्या ४५ दातांच्या पान्याइतकेच.

दुसरी गोष्ट परतीचं घर्षण. नट अजून हाताने फिरेल इतका सैल असताना दांडा मागे नेला की आतल्या घर्षणामुळे नटही त्याच्याबरोबर मागे येतो. पुढे जितका फिरला तितकाच उलटा. असा रॅचेट नुसती टिकटिक करत राहतो आणि काम पुढे सरकत नाही. खिटीची स्प्रिंग फार कडक असली, आत जाड ग्रीस ठासून भरलेलं असलं किंवा धुळीसाठी लावलेलं सील घट्ट असलं की हे घडतं. दुसऱ्या हाताचं एक बोट सॉकेटला लावायला जागा असेल तर निभावतं, पण तेवढी जागा असती तर रॅचेटची गरजच कमी होती.

जोर एकाकडे, वेग दुसऱ्याकडे

टिकाऊ पाना कसा निवडावा याचं अर्धं उत्तर तो कसा वापरावा यात आहे. नट-बोल्टच्या कामात दोन वेगळ्या गरजा असतात. गंजून जाम झालेला बोल्ट पहिल्यांदा सोडवणं आणि शेवटचा आवळ देणं, याला जोर लागतो. मधले आटे भरभर फिरवायला वेग लागतो. रॅचेट हे वेगाचं हत्यार आहे. पहिला झटका द्यायला ब्रेकर बार वापरावा: लांब दांडा, टोकाला चौकोनी खुंटा, आत यंत्रणा काहीच नाही, त्यामुळे घसरायलाही काही नाही. किंवा साधा, भरीव रिंग पाना. बोल्ट पाव फेरा सुटला की मग रॅचेट लावावा. एवढी एक सवय लागली तर मध्यम दर्जाचा रॅचेटही खूप वर्षं टिकतो.

रॅचेट रिंग पान्यांच्या बाबतीत हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवं. त्याच्या दुसऱ्या टोकाचं उघडं तोंड बोल्टच्या दोनच कडा धरतं, म्हणून जाम बोल्टला ते लावलं की डोकं गोल होण्याची भीती. मग माणूस नाइलाजाने रॅचेटच्या बाजूने जोर लावतो आणि बारीक खिटीचा बळी जातो. त्यामुळे रॅचेट रिंगचा संच घेतला म्हणून जुने रिंग पाने देऊन टाकू नयेत. दोन्ही जोडीने लागतात.

पाइपबद्दलही बोलायला हवं, कारण ही सवय सर्रास दिसते. २५० मिलिमीटरच्या दांड्यावर पाइप चढवून तो ७५० केला, तर तेवढ्याच ४० किलोच्या जोरात टॉर्क ३०० न्यूटन-मीटर होतो आणि मघाच्या हिशेबाने आत दोन टनांचा भार येतो. आयएसओ ३३१५ या आंतरराष्ट्रीय मानकात रॅचेट दांड्यांच्या चाचणीसाठी जे टॉर्क दिले आहेत ते पाव इंची खुंट्याला सुमारे ६०, ३/८ इंचीला सुमारे २०० आणि अर्धा इंचीला सुमारे ५०० न्यूटन-मीटर आहेत. त्यामुळे ३०० म्हणजे अर्धा इंचीला सहज झेपेल असं वाटू शकतं. पण ती चाचणी नव्या, स्वच्छ हत्याराची, सावकाश चढवलेल्या भाराखाली होते. पाइपवर माणूस झटका देतो, दांडा तिरका होतो, आत मळी असते. आणि रॅचेट मोडतो तो कुरकुर करून नव्हे, एकदम सुटतो. पूर्ण ताकदीनिशी ओढणारा हात त्या क्षणी जिथे जाईल तिथे धातूची कड असते. बोटांची हाडं मोडायला तेवढं पुरतं. म्हणून शक्यतो स्वतःकडे ओढावं, आणि ढकलणं भागच असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावं.

खुंट्याचं माप निवडायला बोल्टचा टॉर्क माहीत असला की पुरे. ८.८ या मजबुतीच्या ग्रेडच्या बोल्टांसाठी ढोबळ आकडे असे: एम ६ ला, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला, १० न्यूटन-मीटर, एम ८ ला २५, एम १० ला ५०, एम १२ ला ८५ च्या आसपास. म्हणजे कव्हर, क्लॅम्प, पॅनेल यांना पाव इंची. इंजिनवरच्या बहुतेक बोल्टांना ३/८ इंची. सस्पेन्शन आणि चाकांना अर्धा इंची. एकाच रॅचेटवर चांगले पैसे घालायचे असतील तर ते ३/८ इंचीवर घालावेत, कारण दिवसभरात हातात तोच सर्वाधिक असतो. पाव इंचीचं एक वेगळं मोल आहे: त्याच्या आखूड दांड्यामुळे गरजेपेक्षा जास्त जोर लागून एम ६ चे आटे मरण्याची शक्यता मोठ्या रॅचेटपेक्षा कमी, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या भागांवर तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

शेवटच्या आवळासाठी जिथे ठरावीक टॉर्क सांगितला आहे तिथे टॉर्क रेंच लागतो. त्याच्याही डोक्यात रॅचेटच असतो, पण बोल्ट सोडवायला तो कधीही वापरू नये. आयएसओ ६७८९ प्रमाणे १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक प्रकारच्या, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की खटका देणाऱ्या, रेंचला फक्त ४ टक्के वर-खाली चूक मान्य आहे, आणि ५,००० वापरांनंतर किंवा १२ महिन्यांनी तो तपासून घ्यावा असं सांगितलेलं आहे. काम झाल्यावर तो त्याच्या मोजपट्टीच्या सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा.

रिंगमध्ये एकदिशी की लिव्हरवाला

रॅचेट रिंग दोन जातींची. एक सपाट, एकदिशी: सोडवायचं असेल तर पाना उलटा करून लावायचा. दुसरी लिव्हरवाली, जिच्या डोक्याला सहसा १५ अंशांचा बाक असतो आणि लहानशी लिव्हर फिरवून दिशा बदलते. सपाट पान्याचं डोकं पातळ, भाग कमी, त्यामुळे तो अधिक टिकतो असं लोक म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. पण त्यात एक सापळा आहे आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. लांब बोल्ट सोडवताना बोल्टचं डोकं हळूहळू बाहेर येतं आणि पान्यालाही बरोबर बाहेर ढकलतं. समोर रेडिएटर, चेसिस किंवा ब्रॅकेट असेल तर एका क्षणी पाना त्यांच्या मध्ये चेपून बसतो. एकदिशी पाना उलटा फिरत नाही, म्हणून बोल्ट पुन्हा आत घेता येत नाही; पुढे जायला जागा नाही, म्हणून काढताही येत नाही. अशा वेळी समोरचा भाग खोलण्याशिवाय उपाय उरत नाही. लिव्हरवाल्या पान्यात तेव्हा लिव्हरपर्यंत बोट पोचलं की सुटका होते. मागे जागा कमी असेल तिथे पाना लावण्याआधी बोल्ट किती बाहेर येणार आहे हे पाहून घ्यावं. सपाट पाने घेतले तरी १० ते १४ या रोजच्या मापांत दोन-तीन लिव्हरवाले असू द्यावेत.

मान वळणारे पाने सोयीचे असतात, पण सांधा हा आणखी एक झिजणारा भाग. त्याचा स्क्रू आवळता येतो का ते पाहावं. येत नसेल तर काही दिवसांत मान लुळी पडते. आतली रिंग बहुतेक वेळा बारा कोनी असते, म्हणजे नटावर ३० अंशांच्या फरकाने कुठेही बसते. चांगल्या रिंगमध्ये कोपऱ्यांना गोलाई दिलेली असते, त्यामुळे जोर नटाच्या टोकदार कडेवर न येता कडेच्या आतल्या सपाट भागावर येतो आणि कडा मरत नाहीत. आधीच झिजलेल्या बोल्टला मात्र सहा कोनी सॉकेटच लावावं.

मापांचा संच निवडताना यंत्र कुठल्या पद्धतीचं आहे ते पाहायला हवं. एकाच एम १० बोल्टचं डोकं आयएसओ मापात १६ चं, जुन्या जर्मन डीआयएन मापात १७ चं आणि जपानी गाड्यांत बहुधा १४ चं असतं. एम १२ ला हेच आकडे १८, १९ आणि १७. त्यामुळे चोवीस मापांचा मोठा संच घेण्यापेक्षा आपल्या कामातले सहा-सात पाने चांगल्या दर्जाचे घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. १२.७ मिलिमीटरच्या, म्हणजे अर्धा इंची डोक्याला १३ चा पाना बसतो खरा, पण तो फरक जोराच्या वेळी कडा खातो.

पोलाद आणि मुलामा

दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरं जवळपास प्रत्येक पान्यावर असतात. ती मिश्रधातू सांगतात, त्याला पाणी कसं दिलं ते सांगत नाहीत. त्याच पोलादाला लाल तापवून तेलात बुडवलं की ते काचेसारखं कठीण पण ठिसूळ होतं. पुन्हा बेताने तापवलं की थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. चांगले हातपाने रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर साधारण ४० ते ४८ च्या दरम्यान असतात. त्याहून मऊ असले तर तोंड फाकतं, फार कठीण असले तर चीर जाते. हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे इथे बनवणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवावा लागतो. मानकाचा क्रमांक छापलेला असेल आणि बदली देण्याची हमी लेखी असेल तर तो विश्वास ठेवायला आधार मिळतो.

मुलाम्याकडे मात्र डोळ्यांनी पाहता येतं. आधी निकेलचा थर, त्यावर क्रोमचा अतिशय पातळ थर. तो रिंगच्या आत, अक्षरांच्या खाचांत, डोक्याच्या कडांवर एकसारखा बसलेला हवा. कुठे फुगा, पापुद्रा किंवा पिवळसर डाग असेल तर पाना घेऊ नये, कारण सुटलेला क्रोमचा पापुद्रा ब्लेडसारखा हात कापतो. मुलामा देतानाच कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. म्हणून काळजी घेणारे कारखाने मुलाम्यानंतर हत्यारं सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढतात. घाईत बनवलेला पाना न वाकता अचानक तडकला तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

हातात घेऊन काय पाहावं

खुंटा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकाच धरा आणि दांडा मागे फिरवा. खुंटा चिमटीतून निसटून दांड्याबरोबर आला तर परतीचं घर्षण जास्त आहे. मग खुंटा घट्ट धरून दांडा अगदी थोडा पुढेमागे हलवा, म्हणजे प्ले कळतो. हे दोन्ही दिशांना करा. लिव्हर एका बाजूला चोख आणि दुसऱ्या बाजूला ढिली असणं ही नेहमी आढळणारी खोट आहे. आता चाक अगदी सावकाश, एकेक टीक पूर्ण एक फेरा फिरवा. प्रत्येक टिकेचा आवाज सारखा हवा. एखाद्या जागी आवाज बसका आला किंवा चाक जड गेलं तर तिथला दात नीट कापलेला नाही.

यानंतरची परीक्षा सर्वांत मोलाची. टीक ऐकू येण्याच्या किंचित आधी थांबा आणि तिथेच पुढे ओढून बघा. चांगल्या रॅचेटमध्ये खिटी एक तर मागच्या दातात पूर्ण परत बसते, नाही तर पुढच्या दातात जाते. ती दाताच्या माथ्यावर तशीच टेकून राहिली आणि जोर घेतल्यासारखं वाटलं, तर तो पाना ठेवून द्या. कामाच्या वेळी नेमका असाच क्षण घसरण्याचा असतो.

लिव्हर फिरताना ठाम खटका लागला पाहिजे, आणि ती डोक्याच्या कडेच्या बाहेर आलेली नसावी. नाही तर अरुंद जागी आजूबाजूला घासून दिशा आपोआप बदलते. खुंट्यावर सॉकेट लावून डोलतं का पाहा. सॉकेट सोडायचं बटण असेल तर ते तेलकट बोटाने दाबता येतं का तेही पाहा. मुठीचं म्हणाल तर रबरी मूठ थंडीत सुखाची वाटते, पण पेट्रोल, डिझेल आणि ब्रेक ऑइलने काही रबर फुगून सैल होतात. नुसता पोलादी दांडा पुसला की स्वच्छ.

उघडता येतो का

हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन. डोक्यावरचं झाकण स्क्रूने किंवा सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, बसवलेलं असेल तर रॅचेट उघडता येतो, धुता येतो आणि दुरुस्त करता येतो. कायमचा दाबून बंद केलेला असेल तर आतली खिटी बिघडल्याक्षणी सगळा पाना भंगारात. नामवंत कंपन्या आपल्या रॅचेट दांड्यांसाठी दुरुस्तीचा संच विकतात. त्यात चाक, खिटी, स्प्रिंग आणि झाकणाचं लॉक येतं. घेण्याआधी त्या नमुन्याचा संच मिळतो का हे विचारून घ्यावं. रॅचेट रिंग पान्यांत दुरुस्तीची सोय कमी असते, पण सर्क्लिपने बसवलेलं चाक असेल तर निदान धुता येतं. म्हणून रिंगमध्येही सर्क्लिपवालाच घ्यावा.

धुण्याची पद्धत साधी आहे. झाकण काढताना हात आणि पाना एका पारदर्शक पिशवीत ठेवावेत, कारण स्प्रिंग आणि तिच्या टोकाची लहान गोळी उडून जाते आणि मग सापडत नाही. काढण्याआधी खिटीचा आणि स्प्रिंगचा फोटो घ्यावा. सगळे भाग केरोसिनमध्ये ब्रशने धुऊन, कापडाने पुसून पूर्ण कोरडे करावेत. मग दातांवर पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवावा किंवा मशीन ऑइलचे काही थेंब सोडावेत. चाकाच्या बेअरिंगला लावतात तसलं घट्ट ग्रीस इथे घालू नये. ते दातांच्या तळाशी साचतं, खिटीला पूर्ण बसू देत नाही, आणि थंडीत स्प्रिंगला खिटी ढकलणंही जड जातं. ७२ दातांच्या पुढच्या पान्यांना तर तेलच बरं. रोजचं काम असेल तर दर काही महिन्यांनी हे करावं. पाण्यात पडलेला किंवा ग्राइंडरच्या कामाजवळ ठेवलेला पाना त्याच दिवशी उघडावा, कारण ग्राइंडरची बारीक भुकटी दातांना घासून काढते.

उघडला की भिंगातून दात पाहा. सगळ्या दातांची टोकं सारखी धारदार असतील तर पाना निरोगी आहे. एका बाजूची टोकं चमकदार आणि गोल दिसत असतील तर त्या दिशेची पकड गेली. एखादा दात उडालेला असेल तर त्याचा तुकडा आतच असतो. तो शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नये. आणि नुसती खिटी बदलून जुनं चाक ठेवण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या दातांवर नवी खिटी नीट बसत नाही आणि तिचीही टोकं लगेच गोल होतात. चाक आणि खिटी एकदमच बदलावीत, आणि बदलल्यावर पहिले काही दिवस त्या पान्यावर हलकंच काम घ्यावं.